थोरली मावशी आली आहे

झाओछिंग,
७ नोव्हेंबर १९९६. आज हिवाळा लागला.

प्रिय ताई,

अकरा वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते उभ्या उभ्याच फाडलं असशील. कोणी गेलं-बिलं नाही. आम्ही सगळे ठीक आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला कमी झाला का? ल्यूचौला आमच्यापेक्षा थंडी जास्त, तेव्हा गुडघ्यांना ऊब दे, पहाटे गार पाण्यात हात घालू नकोस, आणि आल्याच्या सालीचा काढा... बघ, चार ओळी झाल्या नाहीत तर मी सल्ले द्यायला लागले. दुकानात बसून बसून तोंडाला ही सवय लागली आहे.

तुझे मेहुणे आ-शिंग बरे आहेत. फेरीबोटीची नोकरी संपल्यापासून पिंजऱ्यातल्या पक्ष्याशी गप्पा मारतात. माझ्याशी इतकं गोड कधी बोलले नाहीत. सासूबाईंना अठ्ठ्याहत्तरावं लागलं; दात तीन राहिलेत, जीभ मात्र शाबूत आहे. यिंग-सी वीस वर्षांची झाली. फोशानला फरश्यांच्या कारखान्यात ऑफिसात लागली आहे. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा नऊ वर्षांची होती, तुझा हात सोडायला तयार नव्हती.

दुकान तेच आहे, बाजाराच्या कोपऱ्यावरचं. मखाणे, कमळबी, सुकी लाल बोरं, काळे तीळ, मुळ्या, साली. आज हिवाळा लागला म्हणून सकाळपासून रीघ आहे. आजपासून प्रत्येक घरात ताकदीचं सूप शिजणार. त्यातून पंचेचाळिशीच्या आसपासच्या बायकांची तऱ्हा तुला सांगते. आधी दुकानात कोणी पुरुष आहे का बघतात, मग गल्ल्यावर वाकून हळूच म्हणतात, "आ-किउ, झोपच लागत नाही गं." दुसरी म्हणते, "अंगातून वाफा निघतात." तिसरीला भांडी घासता घासता उगाच रडू येतं. मी सगळ्यांना एकच पाढा म्हणून दाखवते. बाईचं आयुष्य साताच्या पाढ्यावर चालतं. सात दुणे चौदा, पाणी सुरू. सात सत्ते एकोणपन्नास, पाणी बंद. बंद व्हायच्या आधी विहीर भरून घ्या बायांनो! काळं ते खा: काळे सोयाबीन, काळे तीळ, काळ्या हाडाची कोंबडी. रात्रीची जागरणं नकोत, गार कलिंगड नको, सासूशी भांडण नको. शेवटचं ऐकून सगळ्या हसतात आणि पुडा घेऊन जातात.

तू शाळेत गणित शिकवलंस, त्यामुळे तुला हे हिशोबाचं आवडेल. माझं स्वतःचं अगदी पाढ्याबरहुकूम झालं. एकोणपन्नासाव्या वर्षी बंद म्हणजे बंद. मी गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायची, माझ्याकडे बघा.

तर पत्र लिहायचं कारण असं. आईच्या काळ्या कोंबडीच्या सूपमध्ये तोंगक्वायच्या किती चकत्या असायच्या? दोन की तीन? मला काही केल्या आठवत नाही. रोज तीच मुळी विकते, पण आईचं माप डोक्यातून गेलं. काल बरणी उघडली तर तो कडू-गोड वास आला आणि बाबा नाननिंगला लाकडाच्या वखारीत होते ते दिवस आठवले. आईला लिहिता येत नव्हतं. तोंगक्वायची एक चकती पाकिटात घालायची आणि पत्ता तुझ्याकडून लिहून घ्यायची. मुळीचं नावच "परतायला हवं", वेगळं पत्र कशाला? आठवड्याभरात बाबा दारात उभे असायचे. तेव्हा तू आठ वर्षांची असशील, पण पत्त्याचं अक्षर काय सुरेख होतं.

आता एक गंमत सांगते.

मागच्या महिन्यात एक दिवस यिंग-सी न कळवता आली. हातात तिळाच्या बिस्किटांचे दोन डबे, चेहरा लालबुंद, बसथांब्यापासून पळत आलेली. आत शिरली ती थेट विचारते, "थोरली मावशी कुठंय?"

झालं असं की तिने शेजारी लाउ काकूंच्या कापडाच्या दुकानात फोन केला होता. आमच्याकडे अजून फोन नाही. लाउ काकूंचा आवाज तुला माहीत आहे, त्यांना फोनची गरजच नाही. त्या ओरडून म्हणाल्या, "तुझी आई? मजेत आहे! थोरली मावशी परत आलीय तिच्याकडे, दोन वर्षांनी!"

पोरीला वाटलं तूच आलीस. दोन वर्षं की अकरा, लाउ काकूंना मोजता येत नाही असं तिने स्वतःच ठरवलं. रजा टाकून आली. दोन्ही खोल्या पाहिल्या, परसात डोकावली, मच्छरदाणीसुद्धा उचलून बघितली. पलंगाखालून नव्या सपाता काढून तुझ्यासाठी दारात मांडल्या. सासूबाई हसता हसता ठसकल्या. "अगं खुळे, ती मावशी नव्हे! ती महिन्याची मावशी!"

माझं चौदावं वर्ष डोळ्यांसमोर आलं. आई म्हणाली, "तुझ्याकडे थोरली मावशी आलीय," आणि मी स्टूल पुसून ठेवलं, दार उघडून गल्लीत बघत उभी राहिले. आपल्या आईला थोरली बहीणच नव्हती, हेही माझ्या ध्यानात आलं नाही. तू पोट धरून हसलीस. मग हसू आवरून माझी विजार तूच धुतलीस आणि कापड कसं बांधायचं ते दाखवलंस.

यिंग-सी हसली नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पण आई, ती जाऊन दोन वर्षं झाली होती ना? मग आता कशी आली?"

सासूबाई म्हणाल्या, "याला उलटा बहर म्हणतात! झाड जुनं असलं तरी खत चांगलं मिळालं की फुलतं. तुझ्या आईने खाल्लंय काय थोडं? सबंध बाजार हिचं सूप पितो."

लाउ काकूही बिस्किटांच्या वासाने आल्याच होत्या. "कुटुंबनियोजनवाल्या बाईंना कळवा, नाहीतर या वयात दुसरं होईल हिला!"

सगळे हसलो. मीही हसले. यिंग-सी जेवली नाही. डबे कपाटावर ठेवले आणि म्हणाली, मावशी खरी आली की फोडा.

एवढीच गंमत. मध्य-शरदाच्या सणाला सुरू झालं, चंद्राला केक ठेवला त्याच संध्याकाळी. आज बेचाळिसावा दिवस. सात सक बेचाळीस. मध्ये दोन-तीन दिवस थांबतं, मग परत येतं. मी हल्ली काळीच विजार घालते आणि खुर्चीवर बसताना खाली काळं फडकं टाकते. काळजीचं काही नाही, तू विचारशील म्हणून लिहिलं.

चकत्यांचं तेवढं कळव. दोन की तीन.

तुझी
आ-किउ

ता. क. बायका आता माझ्याकडे "उलट्या बहराचा पुडा" मागतात. नऊ जणींना दिला. नाही कसं म्हणू?


झाओछिंग,
२१ नोव्हेंबर १९९६

ताई,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं तर. ना "प्रिय", ना "खुशाल". फळ्यावर खडूने लिहावं तशा तीन ओळी: "चकत्यांचं मी सांगणार नाही. आईचं रक्त सुरू झालेलं तुला कधी कळलं, ते लिही. आणि आजच्या आज दवाखान्यात जा."

मी ते वाचून चुलीत टाकणार होते. टाकलं नाही. दुकानात बसून चार वेळा वाचलं, मग एका गिऱ्हाइकाला मखाण्यांऐवजी कमळबी बांधून दिली. तू अशीच आहेस. माणूस गोल गोल फिरतो आणि तू वर्तुळाच्या मधोमध उभी राहून विचारतेस, उत्तर काय?

आधी दवाखान्याचं सांगते. मी गेले होते. खरंच. बायकांच्या विभागासमोरच्या बाकावर बसले. नंबर यायच्या आधी खिडकीतून आवाज आला, "आ-किउ मावशी, तुम्ही? कोणासाठी आलात?" लाउ काकूंची सून तिथे कागद फाडून द्यायला असते, मला माहीतच नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "सासूबाईंसाठी." आणि मी उठून घरी आले.

आता बाजारभर बोभाटा झालाय की सासूबाईंना काहीतरी झालंय. बायका संत्री घेऊन भेटायला येतात, त्यांचा हात हातात घेऊन म्हणतात, "धीर सोडू नका." सासूबाई खवळल्यात. "मला काय धाड भरलीय? कोण मेली उठवते या वावड्या?" तू असतीस तर हसून हसून मेली असतीस. मलाही हसू आलं, आणि मग परसात जाऊन मी तोंडात फडकं कोंबून रडले.

ताई, मला भीती वाटते. सकाळी जाग आली की पहिला विचार, आज आहे का? उठायच्या आधी पडल्या पडल्या अंदाज घेते. दिवसातून कितीदा आत जाऊन बघते याची गणती नाही. थांबलेलं असलं की सूप पिते, म्हणजे थांबलेलं राहील. सुरू असलं की सूप पिते, म्हणजे भरून निघेल. मला दुसरं काही येतच नाही. आणि परवा बादलीत कपडे भिजवले तर तोच वास आला. तुला ठाऊक आहे कुठला. आईच्या शेवटच्या हिवाळ्यात तिच्या अंथरुणाला यायचा तो. मी हात धुतले, साबण लावून परत धुतले, आणि परत वाकून वास घेतला.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर.

तीन. आई तीन चकत्या घालायची. मला पहिल्यापासून माहीत होतं. ते विचारायला पत्र लिहिलंच नव्हतं.

आणि आईचं मला फक्त महिनाभर आधी कळलं, असं नव्हतं. तुला मी तसं सांगितलं, ते खोटं होतं. मला वसंतात कळलं होतं, पूर्वजांच्या कबरी झाडायला गेलो त्याच दिवशी. डोंगरावरून उतरून आलो, तू भाऊजींबरोबर बाहेर पाय धूत होतीस आणि आई स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन लाजत म्हणाली, "आ-किउ, मला परत सुरू झालंय गं. आ-फानला सांगू नकोस, ती लगेच ओढत दवाखान्यात नेईल." एकसष्ट वर्षांची आई लाजत होती, ताई! मी खूश झाले. नवीन वर्षापासून मीच तिला दर आठवड्याला ते सूप पाजत होते, तीन चकत्यांचं. मला वाटलं, माझ्या हाताला यश आलं. म्हटलं, "आई, तू तर तरुण झालीस!" आणि गुळाच्या पाण्यात अंडी शिजवून तिला गोड खायला घातलं. तिने वाटी चाटूनपुसून खाल्ली.

एप्रिल ते डिसेंबर. आठ महिने. तू डिसेंबरात आलीस, तिचा चेहरा बघितलास आणि त्याच दुपारी रिक्षा बोलावलीस. डॉक्टरांनी आपल्याला बाहेर बोलावून सांगितलं, आणि मी आत जाऊन हसत म्हणाले, "रक्त कमी झालंय एवढंच, सूप प्यायचं." तू तीन दिवस गप्प होतीस. चौथ्या दिवशी आईने तुला विचारलं आणि तू सांगून टाकलंस.

त्यानंतर मी तुला काय काय बोलले ते तुझ्या लक्षात असेलच. तुझ्या जिभेने ती मेली. माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस. सगळ्या भावकीसमोर, सुतकाच्या पांढऱ्या कपड्यांत.

तिचं मरण तुझ्या तोंडात ठेवलं की माझ्या भांड्यात उरत नव्हतं, म्हणून बोलले. हे मला आज नाही, तेव्हाच कळत होतं.

हे वाचून तू उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल. दवाखान्यात मी जाईन. यिंग-सीला कळवलं आहे, ती येते.

आ-किउ


झाओछिंग,
१२ डिसेंबर १९९६

ताई,

तू उत्तर पाठवलंस. या वेळी एकच ओळ: "गेलीस का?" मी कागद उलटून पाहिला, मागे काही असेल म्हणून. मागे काही नव्हतं, पण तू लिहिलंस.

गेले. यिंग-सीने कोपर धरून नेलं, वाटेत एकदाही सोडलं नाही. खिडकीपाशी लाउ काकूंच्या सुनेला तीच म्हणाली, "आईसाठी. माझ्या आईसाठी." अख्ख्या रांगेला ऐकू गेलं. संध्याकाळपर्यंत सासूबाईंकडे येणारी संत्री बंद झाली आणि बायका माझ्याकडे निराळ्या नजरेने बघायला लागल्या. एका परीने बरं झालं.

डॉक्टर बाई तरुण आहेत, हात बर्फासारखे. पहिलाच प्रश्न, "अंगठी काढली का?" मला आधी कळेचना. म्हणजे यिंग-सीच्या जन्मानंतर, पुन्हा मूल होऊ नये म्हणून आत बसवलेली ती तारेची अंगठी. वीस वर्षं झाली, मी विसरूनच गेले होते. त्या चिडल्या. "पाळी बंद झाल्यावर सहा महिने ते वर्षभरात काढायची असते. कोणी सांगितलं नाही?" कोण सांगणार? मी सगळ्या बाजाराला काय खा, काय पी सांगत सुटलेली, मला सांगायची कोणाची टाप होती! त्यांनी अंगठी काढली. काळी पडली होती. म्हणाल्या, यामुळेही रक्त जाऊ शकतं. मी ते "यामुळेही" घट्ट धरून ठेवलं. पण आतून खरवडून थोडं मांसही घेतलं, तपासायला. दुखलं खूप. मी ओरडले नाही, यिंग-सी दाराबाहेर होती.

दहा दिवस थांबायला सांगितलं. त्या दहा दिवसांत मी दुकानातले "उलट्या बहराचे" सगळे पुडे सोडले आणि एकेक जिन्नस ज्याच्या त्याच्या बरणीत परत टाकला. ज्या नऊ जणींना दिले होते त्यांच्या घरी गेले. प्रत्येकीला सांगितलं, जुन्या झाडाला फूल आलं की ते सूपने आलं समजू नका, दवाखान्यात जा. सात जणी घाबरल्या. एकीने दार लावून घेतलं. लाउ काकू म्हणाल्या, "तूच दिलंस आणि आता तूच भिववतेस? स्वतःचं फुकट गेलं म्हणून दुसरीचं बघवत नाही तुला!" मी म्हटलं, "काकू, हवी तेवढी शिवी द्या, पण जा." त्यांनी शिव्या दिल्या. जातील की नाही, माहीत नाही.

माझ्या स्वयंपाकघरातली तोंगक्वायची बरणीही मी रिकामी केली. घरात आता साधा भात आणि भाजी शिजते. सासूबाई म्हणतात, बंद पडलेल्या मठात राहायला आल्यासारखं वाटतं.

आज सकाळी अहवाल आणायला एकटीच गेले. यिंग-सीला रजा नव्हती आणि आ-शिंगना मी मुद्दाम सांगितलं नाही. अहवालांच्या खिडकीतल्या मुलीने माझं नाव शोधलं, कागद काढला, वाचला. मी हात पुढे केला. तिने कागद दिला नाही. पालथा ठेवला आणि विचारलं, "घरचं कोणी आहे का सोबत?"

ताई, हाच प्रश्न. आईच्या वेळी खोलीतून बाहेर येऊन डॉक्टरांनी हाच विचारला होता. शब्द न् शब्द तोच.

मी म्हटलं, "मीच आहे. माझाच कागद आहे." ती म्हणाली, "वीस तारखेला, शुक्रवारी सकाळी नऊला डॉक्टर भेटतील. घरचं माणूस घेऊन या." मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ती पुढच्या बाईचं नाव पुकारायला लागली.

नियमही असेल. आपल्याकडे घरच्यांच्या सहीशिवाय काही होत नाही. कदाचित ती सगळ्यांनाच विचारत असेल. घरी येईपर्यंत मी हेच घोकत होते. तरी पुलावर दोनदा बसले.

शुक्रवारी काय होईल ते मला आत्ताच दिसतंय. आ-शिंग आत जातील, मी बाहेर बाकावर बसेन. ते हसत बाहेर येतील. त्यांना खोटं बोलता येत नाही, म्हणून वाटेत माझ्यासाठी पपनस घेतील. यिंग-सी म्हणेल, "अंगठीमुळेच होतं गं आई." आणि मग सगळे मिळून मला खाऊ घालायला लागतील. मी प्रत्येक वाटीत बघत राहीन, यात काय लपवलंय म्हणून. आईने माझ्या हातचं तसं खाल्लं असेल का? आठ महिने आणि त्यानंतरचे दिवस, तिला कळत असून तिने वाट्या रिकाम्या केल्या असतील का? हा विचार मला आजारापेक्षा जास्त छळतो.

आता एकच राहिलं आहे. ते लिहिते, मग पाकीट बंद करते.

तू खरं सांगितलंस त्या दिवशी आईने भिंतीकडे तोंड केलं, हे मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही. पण ती रात्रभरच तशी होती. सकाळी उठून बसली आणि म्हणाली, "आ-फानने सांगितलं ते बरं केलं. निदान कोणीतरी माझ्याशी माणसासारखं बोललं." मग म्हणाली, "ते सूप आता नको." तोवर मी तुझ्याशी भांडून तुला ल्यूचौच्या गाडीत बसवलं होतं. तिने माझ्याकडे बरणी मागितली, स्वतःच्या हाताने एक चकती निवडली, चांगली मोठी, आणि माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "हिच्यावर पत्ता घाल. आ-फानला पाठव."

मी पत्ता घातला नाही. ती चकती मी सूपमध्ये टाकली.

त्यानंतर ती एकोणीस दिवस जगली, आणि रोज विचारायची, टपाल आलं का? मी म्हणायची, तिला शाळेतून रजा मिळत नसेल.

तू आईला मारलं नाहीस. तिने तुला बोलावलं होतं, आणि मी ते होऊ दिलं नाही. आता तू मला काय हवं ते म्हण. उंबऱ्यावर उभी राहून म्हण, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हण. पण वीस तारखेच्या आत ये. माझ्याबरोबर आत तू चल. डॉक्टर जे सांगतील ते माझ्या तोंडावर सांग, वाटेत पपनस घेऊ नकोस. सगळ्या घरात एक तूच आहेस जिला ते जमतं, आणि त्याच गोष्टीसाठी मी तुला हाकललं होतं.

बरणी रिकामी करताना एक चकती मी बाजूला ठेवली होती. ती या पाकिटात आहे. माझी म्हणून धरू नकोस. आईची आहे, अकरा वर्षं उशिरा पोचते आहे. पत्ता या वेळी मी घातला.

बिस्किटांचे डबे कपाटावर आहेत, अजून फोडलेले नाहीत. यिंग-सीने मांडलेल्या सपाता दारात तशाच आहेत, सासूबाई रोज त्यांना अडखळतात आणि मला शिव्या देतात. मी त्या उचलल्या नाहीत.

जिला खरं ऐकायचं आहे, ती तुझी धाकटी,
आ-किउ